काटकोनरावांचा जिना

माणसाने खोटं बोलायचंच असेल तर ते तोंडात टूथपेस्ट असताना बोलावं, म्हणजे पुढेमागे ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ असं म्हणायला जागा राहते. काटकोनरावांनी नेमकं हेच केलं, आणि तरीही ते फसले.

झालं असं, की एका सकाळी खालच्या मजल्यावरचा विमा एजंट वर्तमानपत्र फडकावत त्यांच्या दारात उभा राहिला. पहिल्या पानावर शहरातल्या नव्या कलासंकुलाचा फोटो होता. अकरा वर्षं बांधकाम चाललेलं ते संकुल एकदाचं उघडलं होतं, आणि फोटोच्या मधोमध एक पांढराशुभ्र, गोल गोल वळत वर जाणारा, कशाच्या आधाराने उभा आहे हे अजिबात न कळणारा जिना होता. एजंटाने त्या जिन्यावर बोट ठेवलं.

“काटकोनराव, तुम्ही इतकी वर्षं सांगताय तो तुमचा जिना हाच ना?”

काटकोनराव बेसिनपाशी दात घासत होते. त्यांनी मान हलवली. ती खालीवर हलली की आडवी, यावर त्यांनी पुढे स्वतःशी पुष्कळ वाद घातला. पण खरं सांगायचं तर ती चांगली दोनदा खालीवर हलली होती.

काटकोनराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात त्यांनी बत्तीस वर्षं आरेखक म्हणून नोकरी केली. म्हणजे आर्किटेक्ट मंडळी हवेत हात फिरवून ‘इथून असं काहीतरी झेपावलं पाहिजे’ असं म्हणत, आणि ते झेपावणारं काहीतरी नेमक्या किती सेंटीमीटरचं, हे काटकोनराव कागदावर काढत. ते बसत ताठ, चालत सरळ, आणि जेवताना चमचासुद्धा ताटाच्या कडेला समांतर ठेवत. ऑफिसातल्या कुणीतरी हे नाव ठेवलं, ते त्यांच्याबरोबर घरी आलं आणि सासरच्या माणसांनाही पटलं.

आता वाचकांपासून काय लपवायचं! कलासंकुलातला एक जिना काटकोनरावांनी काढला होता हे शंभर टक्के खरं, पण तो हा नव्हे. त्यांचा जिना इमारतीच्या मागच्या अंगाला होता, दोन भिंतींच्या मध्ये, राखाडी, आगीच्या वेळी पळायचा. ऑफिसात त्या प्रकल्पाची कामं वाटली गेली तेव्हा कुणी घुमट घेतला, कुणी काचेची भिंत घेतली, आणि शेवटी पंगत उठल्यावर उरावा तसा हा जिना उरला. तो काटकोनरावांनी घेतला आणि त्यावर चार महिने घालवले. प्रत्येक नऊ पायऱ्यांनंतर एक सपाट जागा हवी, असा त्यांनी हट्ट धरला. साहेब म्हणाले, चौदा पायऱ्यांनंतर द्या, जागा वाचेल. काटकोनरावांनी कधी नव्हे ती लेखी टिपणं दिली. एक नाही, तीन. शेवटी साहेबांनी वैतागून सही ठोकली आणि म्हणाले, “मागचा जिना आहे, कोण मरायला बघायला जातंय!”

बघायला निघाल्या त्या सासूबाई.

सासूबाई बारा वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला आल्या, त्या दोन्ही गुडघ्यांची तक्रार बरोबर घेऊनच. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाहेरून आल्यावर त्या कठड्याला धरून चढायला लागत, मागून काटकोनराव पिशव्या घेऊन. थोडं चढून झालं की सासूबाई जिन्याच्या ऐन मध्यावर थांबत, श्वास घेत आणि ठरलेला शाप देत, “ज्या मेल्याने हा जिना काढला, त्याला म्हातारपणी चौथ्या मजल्यावर घर मिळो!” जावयाबद्दल त्यांचं मत वाईट नव्हतं. “माणूस सोन्यासारखा आहे,” त्या सगळ्यांना सांगत, “फक्त त्याच्या हातून काही झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.” हे वाक्य काटकोनरावांनी बारा वर्षं ऐकलं होतं, कधी भिंतीपलीकडून, कधी समोरासमोर.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी वर्तमानपत्रातला तो फोटो भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला. मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, “जावई, मला तुमचा जिना दाखवा.”

एवढंच. पुढे ‘जमलं तर’ नाही, ‘नाहीतर राहू द्या’ नाही. काटकोनरावांना भीती वाटली. पण त्या भीतीत थोडा आनंदही होता, आणि सगळी गडबड त्या आनंदाने केली. त्या क्षणी ‘आई, तो जिना माझा नव्हे’ असं म्हटलं असतं तर पाच मिनिटांत प्रकरण मिटलं असतं. त्याऐवजी ते म्हणाले, “बघू.”

‘बघू’ म्हणणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं हे सांगायला शेजारी समर्थ असतात. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी जिन्याचा विषय निघाल्या दिवशीच सहलीचं वेळापत्रक करून दिलं, त्यात ‘जिना पाहणे’ला पंचवीस मिनिटं आणि ‘जिन्याविषयी शंकासमाधान’ला पंधरा. वेळापत्रक केल्यावर त्या स्वतः येणार हे ओघानेच आलं. एजंट म्हणाला, “पश्चिमेच्या दाराने जा. माझा चुलतभाऊ पूर्वेच्या दाराने गेला, तो तीन तासांनी गाड्यांच्या तळावर निघाला. तिथे भिंत कुठली आणि दार कुठलं, कळत नाही.” मग काटकोनरावांकडे पाहून तो पुढे म्हणाला, “अर्थात तुम्ही असताना काय काळजी! मीही येतो.”

काटकोनराव, त्यांची बायको, सासूबाई, बाई आणि एजंट, असे पाच जण झाले. एजंटाने मोबाइलवर संकुलाचा फॉर्म उघडला आणि पहिली अडचण पुढ्यात आली. कुटुंब असेल तर चार माणसांपर्यंत. गट असेल तर दहा माणसांपासून पुढे. पाच ते नऊ माणसांनी कला बघावी की नाही, याचा विचारच कुणी केलेला नव्हता. बाईंनी थेट संकुलात फोन लावला.

“पाच जणांनी यायला आमची हरकत नाही,” पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, “पण तशी सोय नाही.”

“मग चार जण कुटुंब म्हणून येतील आणि एक जण वेगळा येईल.”

“एकट्या व्यक्तीला मंगळवारी यावं लागेल.”

काटकोनरावांनी लगेच त्याग करण्याची तयारी दाखवली. “मी मंगळवारी जातो, तुम्ही सगळे रविवारी जाऊन या,” असं ते इतक्या उत्साहाने म्हणाले, की बायकोने भुवई वर केली. बाईंनी ती सूचना फेटाळून लावली आणि सकाळच्या व्यायामवर्गातल्या पाच बायकांना फोन केले. त्या पाचही जणी लग्नाला निघाल्यासारख्या तयार झाल्या. पाचही जणींचे बूट आकाशी रंगाचे होते, कारण दुकानदाराने पाच जोड एकदम घेतल्यावर सहावी पिशवी फुकट दिली होती.

दहा जण झाले, फॉर्म पुढे सरकला. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, ‘गटात कुणी विशेष व्यक्ती आहे का?’ एजंटाने, कुणालाही न विचारता, मोठ्या प्रेमाने भरलं, ‘होय. मुख्य जिन्याचे निर्माते.’

रविवारी सकाळी ही वरात संकुलापुढे उतरली. इमारत खरोखरच दिपवणारी होती. धुऊन पालथं घातलेलं भलंमोठं पातेलं असावं तसा तिचा पांढरा घुमट होता, आणि त्याच्या एका बाजूने काचेची भिंत जमिनीपासून सरळ निघून पुढे मन बदलल्यासारखी वाकडी होत गेली होती. काटकोनराव क्षणभर सगळं विसरले. त्या वाकड्या भिंतीचा प्रत्येक तुकडा त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढला गेला होता. तो आता उन्हात चमकत होता. त्यांचा ऊर भरून आला. एवढ्यात एजंट समोरच्या चकचकीत फरशीवर चालत गेला आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहिला. ती फरशी नव्हती, शोभेचं तळं होतं.

“सांगितलं नव्हतं मी?” एजंट पाण्यातून म्हणाला. “इथे काही कळत नाही.”

दार सापडायला बारा मिनिटं लागली. मुख्याध्यापिकाबाई भिंत चाचपत पुढे, त्यांच्यामागे आकाशी बूट, मागे पच पच आवाज करत एजंट. एके ठिकाणी भिंत आपोआप सरकली आणि बाई आत गेल्या, तेव्हा बाकीच्यांना कळलं की हेच दार. दारातल्या सुरक्षारक्षकाने काटकोनरावांच्या खिशातली स्टीलची टेप बाहेर काढायला लावली.

“हे कशासाठी?”

“सवय आहे.”

“आत मोजमाप करायला लेखी परवानगी लागते.” रक्षकाने टेप प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि त्यांच्या हातात बिल्ला दिला. बत्तीस वर्षांत त्या टेपवर कुणी असा संशय घेतला नव्हता. काटकोनराव आणखी ताठ झाले.

आत गाईड म्हणून आलेली मुलगी हसतमुख होती आणि तिच्यासोबत चक्क एक फोटोग्राफर होता. “सर कोण?” तिने विचारलं. नऊ बोटं काटकोनरावांकडे वळली. “सर, आमच्या वार्तापत्रासाठी जिन्यावर तुमचा फोटो घ्यायचाय!” काटकोनरावांनी बायकोकडे पाहिलं. बायको त्यांची कॉलर सारखी करत हळूच म्हणाली, “अहो, घाम किती आलाय तुम्हाला. गार हवा सोडलीय तरी.” तेवढ्यात सासूबाई हातातली जड पिशवी अडकवायला जागा शोधत होत्या. “एवढं मोठं घर बांधलं आणि एक खुंटी नाही!” त्या म्हणाल्या. हे त्या दिवसभरात एकूण सहा वेळा म्हणाल्या.

मग तो जिना आला. तो फोटोतल्यापेक्षाही सुंदर होता, आणि काटकोनरावांना त्याचा मनस्वी राग आला. सगळ्यांनी माना वर केल्या. गाईडने घसा साफ केला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

“या जिन्याची कल्पना मुख्य वास्तुविशारदांना चहा पिताना सुचली. त्यांनी तो एकाच रेषेत, हात न उचलता, स्वतः काढला. त्या रेषेला दुसऱ्या कुणालाही हात लावू दिला नाही.”

पाच जोडी आकाशी बूट एकदम काटकोनरावांकडे वळले. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गात पेन्सिल चोरीला गेल्यावर वापरायचा तो आवाज काढला. “दुसऱ्या कुणालाही नाही? मग तुम्ही काय काढलंत?”

“पेन्सिल तासून दिली असेल,” एजंट म्हणाला. त्याने हे सांभाळून घ्यायला म्हटलं होतं, म्हणून ते जास्तच लागलं.

सासूबाई मात्र जिना चढायला लागल्या होत्या. जिना बघायला नाही तर चढायला असतो, असं त्यांचं साधं मत. पण त्या झेपावणाऱ्या जिन्याला मध्ये कुठे थांबाच नव्हता. थोडं वर जाऊन सासूबाई नेहमीसारख्या थांबल्या, आणि तिथे उभं राहायला सपाट जागा नसल्यामुळे सरळ पायरीवर बसल्या. वरून येणारी माणसं अडली, खालून जाणारी खोळंबली, फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. काटकोनराव धावत वर गेले.

“जावई,” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, “हा तुम्ही काढलात?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं, आणि थोडं दुःखही. काटकोनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडात टूथपेस्टही नव्हती.

“नाही आई,” ते म्हणाले. “हा माझा नाही. मी खोटीच मान हलवली. माझा मागे आहे, आग लागली तर पळायचा. तो कुणी बघायला येत नाही.”

आवाज घुमटात छान घुमला. या इमारतीत कुजबुजलेलंही शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जातं, असं गाईड मघाशीच म्हणाली होती, आणि ते खरं निघालं. कुणीतरी च्‌ च्‌ केलं. एजंट आपल्या ओल्या बुटांकडे बघू लागला. सासूबाईंनी नुसता हात पुढे केला, उठल्या आणि म्हणाल्या, “लिफ्टने जाऊ.”

तिसऱ्या मजल्यावर प्रदर्शन होतं. पहिल्याच दालनात एक खुर्ची होती. सासूबाई आशेने तिच्याकडे निघाल्या, तेव्हा गाईड घाईने आडवी आली. “आजी, ही बसायची नाही, बघायची खुर्ची आहे.” सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, गाईडकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. काटकोनराव सगळ्यांच्या मागून चालले होते. बायको मुद्दाम त्यांच्याबरोबर चालत होती, आणि काही बोलत नव्हती, याबद्दल त्यांना तिचे आभार मानावेसे वाटत होते.

दालनाच्या टोकाला पांढऱ्या भिंतीवर सासूबाईंना अखेर हवी ती वस्तू दिसली. लाल, मजबूत, बरोबर हाताच्या उंचीवर. “सापडली बाई एकदाची खुंटी!” असं म्हणून त्यांनी जड पिशवी तिला अडकवली.

खुंटी खाली आली, आणि सबंध इमारत किंचाळायला लागली.

लाल दिवे फिरू लागले. ‘जवळच्या आपत्कालीन जिन्याने बाहेर पडा, लिफ्ट बंद आहेत,’ असं कुणी अदृश्य माणूस शांतपणे सांगू लागला. व्यायामवर्गाने सवयीने दोन्ही हात वर केले. गाईड गोंधळून पांढऱ्या भिंतीपुढे इकडून तिकडे पळाली. “इथेच आहे जिना, नकाशात आहे, पण मी आत कधी गेले नाही...”

काटकोनराव पुढे आले. त्यांनी भिंतीकडे नीट पाहिलं, कोपऱ्यापासून चार पावलं मोजली आणि तळहाताने दाबलं. भिंत उघडली.

“ही भिंत नाही, दार आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “पळायचं नाही. जिना रुंद आहे, दोघं दोघं शेजारी मावतात. उजव्या हाताला कठडा. आई, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवा. नऊ पायऱ्या, मग सपाट.”

आत दिवे मंद होते. काटकोनरावांना त्यांची गरजच नव्हती. तो जिना चार महिने त्यांच्या टेबलावर आणि अकरा वर्षं त्यांच्या डोक्यात होता. “सहा, सात, आठ, नऊ. सपाट.” मागून दालनातली अनोळखी माणसंही येत होती, आणि हळूहळू तीही मोजायला लागली. मुख्याध्यापिकाबाईंनी तर ताबाच घेतला. “नऊ दुणे?” त्या ओरडल्या. “अठरा!” जिना ओरडला. सासूबाई थांबल्या, श्वास घेतला. “नऊ त्रिक?” “सत्तावीस!” सासूबाई पुन्हा थांबल्या.

चौथ्या सपाट जागेवर त्या जरा जास्तच थांबल्या. खांद्यावरचा हात घट्ट झाला.

“जावई, मला जेव्हा जेव्हा थांबावंसं वाटतंय, तेव्हा तेव्हा बरोबर सपाट जागा येतेय.”

काटकोनरावांनी खालच्या नऊ पायऱ्यांकडे पाहिलं.

“घरच्या जिन्यावर मी कितव्या पायरीला थांबते?”

“नवव्या.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“पिशव्या घेऊन मागे मीच असतो ना, आई.”

सासूबाई पुन्हा उतरायला लागल्या. मागून बायकोचं नाक ओढल्याचा आवाज काटकोनरावांनी ओळखला. “नऊ नवे?” बाई गरजल्या, “एक्क्याऐंशी!” आणि दार उघडून सगळे मागच्या अंगणात, कचऱ्याच्या पिंपांपाशी, लख्ख उन्हात बाहेर पडले. कुणी पडलं नाही, कुणी धडपडलं नाही. सासूबाई एक्क्याऐंशी पायऱ्या उतरल्या होत्या आणि त्यांनी कुणालाही शाप दिलेला नव्हता.

अंगणात सुरक्षा अधिकारी फॉर्म घेऊन वाटच पाहत होता. घंटा कुणी ओढली? सासूबाई म्हणाल्या, “मी. खुंटी समजून.” घटनेचं कारण? अधिकाऱ्याला काय लिहावं सुचेना, म्हणून फॉर्म भरण्यात पटाईत असलेल्या एजंटाने त्याच्या हातून पेन घेऊन लिहिलं, ‘इमारतीत खुंट्यांचा अभाव.’ अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला आणि दमून त्या उघड्या दाराकडे पाहिलं.

“हा जिना कुणी काढलाय कुणास ठाऊक,” तो म्हणाला. “किती जागा फुकट घालवलीय मध्ये मध्ये.”

“फुकट?” सासूबाई अशा आवाजात म्हणाल्या, की अधिकारी एक पाऊल मागे सरकला. “माझ्या गुडघ्यांना विचारा फुकट की कसं ते! आणि कुणी काढलाय ते मी सांगते. माझ्या जावयाने काढलाय.” मग त्या फोटोग्राफरकडे वळल्या. “तुम्हाला फोटो हवा होता ना? काढा. इथेच.”

फोटोग्राफर म्हणाला, उजेड बरोबर नाही. गाईड म्हणाली, वार्तापत्रात मागची बाजू दाखवत नाहीत. सासूबाई तोवर दुसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला, पाठ अगदी काटकोनात ठेवून, जावई; मागे बाई, पाच जोडी आकाशी बूट आणि कडेला बूट हातात घेतलेला एजंट. वर पाटी होती, ‘येथे बसू नये.’ तो फोटो वार्तापत्रात छापून आला नाही. आज तो काटकोनरावांच्या बैठकीत टांगलेला आहे. त्यासाठी भिंतीत खुंटी ठोकली ती सासूबाईंनी स्वतः उभं राहून ठोकून घेतली.

पण हे नंतरचं. त्या दिवशी दुपारी सगळे घरी आले. बाई शंकासमाधानाची पंधरा मिनिटं राहून गेली म्हणून कुरकुरत वर गेल्या. सासूबाई कठड्याला धरून चढायला लागल्या, मागे पिशव्या घेऊन काटकोनराव. सहा, सात, आठ, नऊ. सासूबाई जिन्याच्या ऐन मध्यावर थांबल्या, श्वास घेतला आणि शाप द्यायला तोंड उघडलं.

“ज्या मेल्याने हा जिना काढला...” एवढं म्हणून त्या थबकल्या आणि मागे वळल्या. “हा तुमचा नाही ना?”

“नाही, आई.”

“तेच म्हटलं,” सासूबाई म्हणाल्या. “तुमचा असता तर इथे सपाट असतं.”